अंतराळातला ‘ध’ चा ‘मा’

वाचकांपैकी पुष्कळजण केव्हा ना केव्हा वारंगा फाट्यावरून गेले असतील. नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर, डोंगरकडा मागे टाकून येथे येतो आणि द्विधा होतो. एक फाटा हदगाव, उमरखेड करीत यवतमाळ-नागपूरकडे जातो, दुसरा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला. फाटा म्हटला की जे जे असावयाचे ते सारे येथे आहे. पंक्चर काढणारा आहे, पानपट्टी आहे, कोठली तरी एसटी येईल या आशेवर बोचक्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आहेत. आणि खिचडी आहे. ट्रकवाले, कंडक्टर, लग्नाची वऱ्हाडे, दौऱ्यावरचे साहेब, सारेच खिचडीसाठी येथे गाडी थांबवितात. मीही कितीदा थांबलो आहे. पण खिचडी वाढणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र मी कधी पाहिले नव्हते. बशीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या गाडीकडे पाहिले.

आता या ‘फाटा’ शब्दाचे अलीकडच्या मराठीत काय झाले आहे ते सांगितले पाहिजे. एखाद्याला ‘फाट्यावर मारणे’ म्हणजे त्याची कवडीची पर्वा न करणे. माझ्या विद्यार्थिदशेत हा वाक्प्रचार चारचौघांत उच्चारण्याजोगा नव्हता. आता तो वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पोहोचला आहे. शुद्धिप्रियांनी नाके मुरडली तरी मला व्यक्तिशः त्याचे काही वाटत नाही. भाषा अशीच वाढते. परंतु गेल्या पावसाळ्यात याच वाक्प्रचाराने माझी जी फजिती केली ती मात्र या सदरात कबूल करावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. दिवाळी अंक आहे, वाचक प्रसन्न असतील, तेव्हा करून टाकतो.

बी. ए. च्या पहिल्या वर्षाला मी एक स्वाध्याय दिला होता. प्रत्येकाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या पंचवीस म्हणी आणि वाक्प्रचार गोळा करून आणावयाचे. पुस्तकातले चालणार नाहीत, घरातले हवेत. यामागे कारण होते. आदल्या परीक्षेत ‘विश्वास पानिपतात गेला’ याचा अर्थ विचारला असता एका विद्वानाने लिहिले होते, ‘विश्वास नावाचा माणूस कामधंद्यासाठी पानिपतला गेला.’ मी हसलो आणि शून्य दिले. हसलो ते बरोबर. शून्याविषयी मला आता खात्री वाटत नाही. ज्या मुलाच्या गल्लीतली निम्मी माणसे कामासाठी पुण्याला आणि हैदराबादला गेलेली आहेत, त्याने विश्वासला आणखी थोडे उत्तरेला पाठविले, एवढाच त्याचा अपराध.

असो. वह्या गोळा करावयाचा दिवस आला. मागच्या बाकावर एक अबोल मुलगा बसत असे. तासाला नेहमी उशिरा येई, आला की जांभया देई. त्याच्यावर माझा आधीच राग होता. मी विचारले, “वही कोठे आहे?”

तो उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, “वही फाट्यावर, सर.”

सारा वर्ग फिस्सकन हसला. मला काय वाटले असेल ते वाचकांनीच ताडावे. मी त्याला वर्गाबाहेर जाण्यास सांगितले, आणि वर चार शब्द असे सुनावले की जे मला येथे लिहवत नाहीत. तो काही बोलला नाही. दप्तर उचलले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही. बारा दिवस आला नाही. खरे सांगतो, पहिले आठ दिवस मला त्याची आठवणही झाली नाही.

आमचे एक प्राध्यापक मित्र पदार्थविज्ञान शिकवितात. आमच्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा होणार असे ठरल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, काटकोनात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर त्याचा जो अतिसूक्ष्म कंप येथवर येतो तो त्या भुजांनी ऐकावयाचा. २०१५ साली अमेरिकेत असा पहिला कंप ऐकू आला, आणि २०२३ साली आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने येथल्या प्रयोगशाळेस मंजुरी दिली. तेव्हापासून आमचे हे मित्र मुलांना शनिवारी अंतराळाविषयीच्या फिल्मी दाखवितात आणि मला मराठीचा माणूस म्हणून हिणवितात. एका शनिवारी ते म्हणाले, “आज तुम्ही याच. आजचा खेळ आमच्या विषयाचा नाही, तुमच्या विषयाचा आहे.”

तो ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचा एक भाग होता. ही मालिका १९६६ साली जीन रॉडनबेरी या गृहस्थांनी सुरू केली. तारकांच्या प्रदेशात एक जहाज हिंडते आहे, नवनवी जगे आणि नवनवे जीव शोधते आहे, अशी कल्पना. मूळची मालिका तीन वर्षांत, ७९ भागांत आटोपली. पण १९८७ पासून तिचा नवा अवतार निघाला, आणि मी पाहिला तो भाग त्यातला, ३० सप्टेंबर १९९१ रोजी प्रथम दाखविलेला. नाव ‘डार्मॉक’. लेखक जो मेनोस्की.

या मालिकेतल्या लोकांपाशी एक भाषांतराचे यंत्र असते. कोणत्याही ग्रहावरचा प्राणी बोलू लागला की यंत्र त्याचे इंग्रजी करून देते. कथा पुढे सरकावी म्हणून लेखकांनी काढलेली ही पळवाट आहे, आणि पंचेचाळीस मिनिटांत गोष्ट संपवावयाची असेल तर ती क्षम्यही आहे. या भागात मात्र लेखकाने त्याच यंत्राची फजिती केली आहे. टामा नावाच्या लोकांशी गाठ पडते. शंभर वर्षांत सात वेळा ही माणसे भेटली, पण कोणाला त्यांचे अवाक्षर कळले नाही. यंत्र बिचारे शब्दांचे भाषांतर चोख करते. शब्द कळतात. वाक्य कळत नाही. कोणी शाका होता, त्याच्या भिंती पडल्या. कोणी टेंबा होता, त्याने हात पसरले. डार्मॉक आणि जलाड तनाग्रा येथे होते. बस्स. होते तर होते! पुढे काय?

टामांचा कप्तान डेथॉन एक साहस करतो. तो स्वतःला आणि जहाजाचा कप्तान पिकार्ड याला खालच्या ओसाड ग्रहावर उतरवितो, आणि दोन खंजीर घेऊन पुढे होतो. एक पिकार्डपुढे धरतो. पिकार्डला साहजिकच वाटते की हे द्वंद्वाचे आव्हान आहे. तो खंजीर नाकारतो. रात्र पडते, थंडी पडते. पिकार्डला आग पेटविता येत नाही. डेथॉन आपल्या आगीतले जळते लाकूड त्याच्याकडे टाकतो आणि टेंबाचे नाव घेतो. तेव्हा पिकार्डच्या डोक्यात पहिला किरण शिरतो. टेंबाने हात पसरले, म्हणजे ‘घे’.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रहावरचे एक हिंस्र श्वापद चालून येते आणि सगळा उलगडा होतो. डार्मॉक आणि जलाड हे दोघे अनोळखी. एका बेटावर भेटले, दोघांवर एकच संकट आले, दोघे मिळून लढले आणि एका नावेतून परत गेले. डेथॉनला तेच घडवावयाचे होते. दुसरा खंजीर लढण्यासाठीच होता, पण त्याच्याशी नव्हे, त्याच्या बाजूने! पण ऐन लढाईत पिकार्डचे सोबती त्याला वाचविण्याच्या घाईने यंत्राने वर ओढू पाहतात; तो हतबल होऊन उभा राहतो, आणि तेवढ्यात डेथॉन एकटा सापडतो व प्राणांतिक जखमी होतो.

मग ती रात्र. मरणोन्मुख डेथॉन खुणेने सांगतो की, तूही तुझी एखादी गोष्ट सांग. आणि त्या पुढारलेल्या शतकातला तो माणूस, ज्याच्या जहाजावर साऱ्या जगाची ग्रंथालये आहेत, तो कोणती गोष्ट सांगतो? गिलगमेशची. मातीच्या विटांवर कोरलेली, जगातल्या सर्वांत जुन्या गोष्टींपैकी एक. एक राजा, एक रानटी माणूस, आधी झुंज, मग जिवाची दोस्ती, मग मित्राचा मृत्यू. डेथॉनला भाषा कळत नाही, पण तो ऐकता ऐकता सुखावतो आणि मरतो.

वर आकाशात दोन्ही जहाजे एकमेकांवर तोफा डागण्याच्या बेतात आहेत. परत आलेला पिकार्ड टामांशी त्यांच्याच भाषेत बोलतो. मोडके-तोडके, चार-पाच नावे जोडून. पण त्यांना कळते. डेथॉनची वही तो त्यांच्या स्वाधीन करतो. लढाई टळते. आणि टामांच्या भाषेत एक नवा वाक्प्रचार जन्माला येतो, त्यात डार्मॉक-जलाडच्या जागी डेथॉन आणि पिकार्ड यांची नावे आहेत, आणि तनाग्राच्या जागी त्या ओसाड ग्रहाचे, एल-अड्रेलचे.

दिवे लागले तेव्हा मी डोळे पुसत होतो असे आमचे मित्र सर्वांना सांगत असतात. ते खोटे आहे. पंख्याचे वारे डोळ्यांत जात होते.

घरी जाताना एसटीत मला एक गोष्ट सुचली ती अशी. हे टामा लोक आपल्याला परके नाहीत. आपल्या मराठीत महानुभावांचा ‘दृष्टान्तपाठ’ आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले एकशे चौदा दृष्टान्त केसोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले. त्याची घडण तिपेडी आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट, आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा प्रस्तुताला लागणारा अर्थ. हत्तीला चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यात आहे. टामांनी काय केले, तर सूत्र सोडले, दार्ष्टान्तिक सोडले आणि दृष्टान्ताचे नुसते नाव ठेवले. आणि मराठी माणूस दुसरे काय करतो? नारायणराव पेशव्यांच्या खुनाला, म्हणजे १७७३ च्या ऑगस्टला, अडीचशे वर्षे होऊन गेली. आनंदीबाईने ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही दंतकथाच असेल. पण आजही कारकुनाने एक अक्षर फिरविले की आपण म्हणतो ‘ध चा मा’ झाला. क्रियापदाशी आपल्याला कर्तव्य नाही, शनिवारवाड्याशी नाही, गारद्यांशी नाही. दोन अक्षरे पुरतात. रस्त्याचे काम रेंगाळले की म्हणतो, बिरबलाची खिचडी. आणि विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पडले, त्या नावावरचा श्लेष आपण रोजच्या व्यवहारात उधारी नाकारताना वापरतो! टामांच्या भाषांतरयंत्राला हे वाक्य दिले असते तर त्यानेही माझ्या विद्यार्थ्यासारखेच उत्तर लिहिले असते. मी यंत्राला शून्य दिले असते काय?

अर्थात त्या भागावर माझा एक आक्षेप आहे आणि तो मी मित्राला ऐकविला. नुसत्या नावांची भाषा चालेल कशी? डार्मॉकची गोष्ट पोरांना सांगावयाची तरी कोणत्या शब्दांत? तेथे ‘भेटला’, ‘मारले’, ‘परत गेले’ हे साधे, रोखठोक शब्द लागणारच. आणि अंतराळयानाचा खिळा कोणता पिळावयाचा हे शाकाच्या भिंतींनी कसे सांगणार? मित्र म्हणाले, “तुमच्या नातवंडांना बागुलबुवा कोणी समजावून सांगितला होता?” मला अजून नातवंडे नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मूल प्रसंगातून शिकते. शब्दकोश मागाहून येतो. तरीही शास्त्र म्हणून मी ती भाषा मान्य करणार नाही. कथा म्हणून करतो.

आणि हा केवळ टेलिव्हिजनवरचा कल्पनाविलास आहे असेही नाही. मराठी खरोखरीच अंतराळात गेलेली आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यावरचा मजकूर निवडला. त्यात पंचावन्न भाषांतून अभिवादने आहेत, आणि त्यांत मराठी आहे. शिवाय केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. गोव्याच्या केरी गावची ही गायिका. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले आणि अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. आज ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचा निरोप प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी आपल्यापर्यंत पोहोचावयास जवळजवळ एक दिवस लागतो. सूर्यमालेबाहेरच्या त्या अंधारात आपल्या भागातल्या एका बाईचा सूर विचारतो आहे, कुठे चाललात? फाट्यावर बसलेली म्हातारीही येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच विचारते.

पण मला सांगावयाचे आहे ते त्या मराठी अभिवादनाविषयी. एका बाईंच्या आवाजात ते आहे. पृथ्वीवरची माणसे तुम्हाला शुभविचार पाठवितात, एवढे सांगून त्या थांबत नाहीत. तुम्ही या जन्मी धन्य व्हावे, अशीही इच्छा करतात. या जन्मी! नासाने दिलेल्या त्याच्या इंग्रजी अर्थात शुभेच्छा तेवढ्या आहेत, जन्म गळाला आहे. गळणारच. कारण ‘या जन्मी’ म्हटले की मागचा आला, पुढचा आला, चौऱ्यांशी लक्ष योनी आल्या, अवघे कीर्तन आले. ते कोणत्या यंत्रात मावणार? त्या बाईंनी मुद्दाम तत्त्वज्ञान सांगितले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे आशीर्वाद असाच देतात. पण दूरच्या कोणा प्राण्याने ती तबकडी लाविलीच, तर ‘जन्म’ या शब्दापाशी त्याच्या भिंती कोसळतील.

इतके सगळे तत्त्वज्ञान एसटीत चालू असताना गाडी वारंगा फाट्यावर थांबली. कंडक्टरने नेहमीप्रमाणे ओरडून सांगितले, “फाटा, फाटा! उतरा, फाट्यावरचे कोण हायेत?”

आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. ‘वही फाट्यावर, सर.’ त्या वाक्याला क्रियापद नव्हते. क्रियापद मी घातले होते.

मी उतरलो. कोठे विचारावे हेही मला माहीत नव्हते. मुलाचे नाव सांगताच पानपट्टीवाल्याने समोर बोट केले. ज्या खिचडीच्या हॉटेलात मी आठ-दहा वेळा तरी जेवलो असेन तेच. गल्ल्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते, मुलाचे आजोबा. मी कोण ते सांगितले तेव्हा ते उठून उभे राहिले. म्हणाले, “बसा गुरुजी. पोरगं चुलीवर हाय. पहाटं तीनला उठतं, ट्रका येतात ना. काहून, काही चुकलं का त्याचं?”

म्हणजे घरी त्याने एक शब्द सांगितला नव्हता. कॉलेजला सुट्टी आहे असे सांगून तो बारा दिवस कढईवर उभा होता.

मी म्हणालो, “चुकले ते माझे. वही न्यायला आलो आहे.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिले, मग आत पाहून मोठ्याने हाक दिली, “आरं ए, बाहेर ये! पुसदवाला आला म्हन की!”

आतून दोन-तीन माणसे हसली. मुलगाही हात पुसत बाहेर आला, मला पाहून पांढरा पडला, आणि आजोबांचे शब्द आठवून त्यालाही हसू फुटले. मी मात्र तसाच उभा. मी पुसदचा नाही. मला शब्द कळत होते, वाक्य कळत नव्हते. माझ्यावर हसताहेत की काय, अशी शंकाही चाटून गेली; सवय वाईट असते.

मग वही आली. गल्ल्याखालच्या फळीवर, उधारीच्या वहीखाली होती. वर तेलाचे बोट उमटलेले. बारा दिवसांपूर्वी पहाटे गिऱ्हाइके असताना तो लिहीत बसला होता, एसटी आली म्हणून पळत सुटला आणि वही तेथेच राहिली. पंचवीस मागितले होते, त्याने एकेचाळीस लिहिले होते. सारे आजोबांच्या तोंडचे.

एकोणिसावा असा होता. ‘पुसदवाला आला.’ आणि खाली अर्थ: ‘आजोबांच्या तरुणपणी पुसदचा एक ट्रकवाला जेवून गेला. पैसे नव्हते. परत येताना देतो म्हणाला. आला नाही. सर्वांनी आजोबांना वेड्यात काढले. अकरा वर्षांनी आला, पैसे दिले, उशीर झाला म्हणून पाया पडला. तेव्हापासून आमच्या घरी ज्याची आशा सोडली ते आले तर असे म्हणतात. पाऊस उशिरा पडला तरी म्हणतात.’

सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. तिन्ही अंगे यथासांग. या मुलाने दृष्टान्तपाठ वाचलेला नव्हता. तो पुढच्या वर्षाला आहे.

तेविसावा होता, ‘औंढ्याचं देऊळ फिरलं.’ नामदेवांना कीर्तनाला पुढून बसू दिले नाही, ते मागे जाऊन बसले, तर नागनाथाचे देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नंदी देवळामागे राहिला तो तेव्हापासून, असे सांगतात. पण ती अशी वाक्प्रचार होऊन बसलेली मी पाहिली नव्हती. अर्थ लिहिला होता: ‘हट्टी माणसाने ऐकले तर.’ उदाहरणात स्वतःच्या वडिलांचे लिहिले होते. ते मुलाला कॉलेजात घालावयास तयार नव्हते, म्हणाले हॉटेल कोण बघणार. आजोबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग देऊळ फिरले.

हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ वहीची पाने उगाच उलटीत राहिलो. बारा दिवसांत ते देऊळ पुन्हा उलटे फिरले असते तर त्याला कारण मी होतो. मुलगा समोर उभा होता. त्याला मी म्हणालो, “तू त्या दिवशी पूर्ण वाक्य का नाही बोललास रे?”

तो म्हणाला, “सर, पूर्णच होतं की ते. आमच्यात तसंच म्हणतात.”

यावर मी काय बोलणार! आजोबांनी खिचडीची बशी पुढे केली. पैसे घेईनात. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या गुरुजी, अकरा वर्षांनी द्या.”

तो सोमवारी वर्गात आला. पहिल्याच तासाला मी सर्वांसमक्ष झाला प्रकार सांगितला, स्वतःचे शब्दही सांगितले, आणि त्याची वही वाचून दाखविली. मुलांना एकोणिसावा फार आवडला. मग हळूहळू त्यांची भीड चेपली आणि त्यांनीही आपापल्या घरचे सांगावयास सुरुवात केली. हळदीच्या कढईवरचे एक, ऊसतोडीच्या कोपीतले एक, मोबाइलवरच्या कसल्याशा खेळातले दोन-तीन. ते शेवटचे मला चार वेळा समजावूनही कळले नाहीत. मी ते तसेच फळ्यावर लिहून ठेवले.

विश्वासला पानिपतला पाठविणाऱ्या विद्वानास मी दोन गुण वाढवून देणार होतो. पण परीक्षा विभागाने सांगितले की, निकाल लागल्यावर ‘ध’ चा ‘मा’ करता येत नाही.

मागच्या आठवड्यात गाडी बंद पडली आणि मला तासाला वीस मिनिटे उशीर झाला. मी धापा टाकीत वर्गात शिरलो, हजेरीपट उघडू लागलो, तर तो पिशवीत नव्हता. मी पिशवी पुन्हा चाचपली. मागच्या बाकावरून कोणी तरी अगदी गंभीरपणे म्हणाले, “फाट्यावर, सर?”

सारा वर्ग हसला. मीही हसलो. नंतर प्राचार्य चौकशीला आले, पण त्यांना काही समजले नाही.